फोन म्हणतो जखम भरतेय, सिस्टर म्हणतात बांबोळीला न्या

पत्र:

सिस्टर, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. माझे बाबा ६७ वर्षांचे, मधुमेह १४ वर्षांपासून. गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी आईला ओसरीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा कळलं की बाबांच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी जखम आहे. त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, काहीतरी टोचलं असणार. दादा दुबईला असतो. त्याने माझ्या फोनवर एआयवर चालणारं एक ॲप घालून दिलं. रोज सकाळी मी फोटो काढते. ॲप जखमेचं माप आणि रंग सांगतं आणि खाली हिरवी खूण येते, ‘सुधारणा होत आहे, संसर्गाची लक्षणे नाहीत.’ ४ आठवड्यांपूर्वी माप ३.१ चौरस सेंटिमीटर होतं, आता २.७ आहे. बाबांना अजिबात दुखत नाही, कुळागरात जाऊन येतात. आई हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम धुते आणि कधी कधी हळद लावते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणतात, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात दाखवा. गेले ३-४ दिवस पट्टी दुपारपर्यंत ओली होते आणि मला किंचित वास येतो. आई म्हणते, वास-बीस काही नाही. दादा म्हणतो, ॲप हजारो जखमा बघून शिकलंय, सिस्टरपेक्षा त्याला जास्त कळतं. बांबोळीचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठतात. मी कोणाचं ऐकू?
— एक मुलगी, सत्तरी

उत्तर:

बाय, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं बोलू. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचं ऐक. बाबांना उद्या बांबोळीला ने. दिवाळीचे पाहुणे गेल्यावर नको आणि दादा डिसेंबरात येईल तेव्हाही नको. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मधुमेही पायाबद्दलची मार्गदर्शक सूचना सांगते की पायाला अशी उघडी जखम दिसली तर कामाच्या एका दिवसाच्या आत रुग्णाला पायाच्या तज्ज्ञांकडे पाठवा. तुमचे २ महिने होत आले.

हे वाचून तू घाबरशील आणि स्वतःला दोष देशील, म्हणून लगेच सांगते. तू हयगय केलेली नाहीस. रोज सकाळी उठून, पट्टी सोडून, वाकून बाबांच्या तळपायाचा फोटो काढणारी मुलगी सगळ्या घरांत नसते. तुझे ते फोटो उद्या डॉक्टरांच्या कामाला येणार आहेत. कसे, ते पुढे सांगते.

तुझ्या पत्रात ज्या वाक्यावर मी थांबले ते वासाचं नव्हतं, ओल्या पट्टीचंही नव्हतं. ‘बाबांना अजिबात दुखत नाही’ हे ते वाक्य. घरातले सगळे याच वाक्यावर निर्धास्त आहेत. तळपायाला नखाएवढं भोक पडलेला माणूस चिखलातून कुळागरात चालत जातो आणि त्याला दुखत नाही, याचा अर्थ पायाच्या नसा बधिर झाल्यात. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने हे होतं. तुला-मला चपलेत खडा गेला तर दुसऱ्या पावलाला आपण थांबतो. बाबांचा पाय थांबायला सांगत नाही, म्हणून ते त्याच जागेवर दिवसाला हजारो वेळा वजन टाकतात आणि आत भरत आलेलं मांस पुन्हा चिरडतं. दुखलं असतं तर ते स्वतःच कधीचे बांबोळीला निघाले असते.

सर्जरीच्या वॉर्डात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीच ड्रेसिंगच्या खोलीत. एक माणूस आठवतो, बाबांच्याच वयाचा, होडीवर काम करणारा. पायाच्या बोटांच्या मुळाशी जखम. तोंड तुरीच्या दाण्याएवढं, कडा स्वच्छ, तळ लालसर. वरून बघून मलासुद्धा ती बरी वाटली होती. सर्जननी बोथट टोकाची बारीक सळई घेतली आणि हलकेच आत घातली. मी ट्रे धरून शेजारी उभी होते. सळई जात राहिली, जात राहिली आणि मग कशाला तरी टेकून थांबली. सर्जननी ती पुन्हा उचलून टेकवली. टणक लागत होतं. हाड होतं ते. त्या माणसाने विचारलं, ‘काय झालं, डॉक्टर?’ त्याला काहीच जाणवलं नव्हतं. संसर्ग हाडापर्यंत पोचला होता आणि वर तुरीचा दाणा!

आता तुझ्या ॲपकडे येऊ. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. कॅनडाचं स्विफ्ट, इस्रायलच्या हेल्दी डॉट आयओ कंपनीचं ॲप, अशी साधनं तिकडे नर्सेस वापरतात. जखमेशेजारी ठरलेल्या मापाचा स्टिकर लावायचा आणि फोटो काढायचा. स्टिकरच्या मापावरून सॉफ्टवेअर अंतर ओळखतं आणि त्याच्या रंगांवरून उजेडाचा दोष काढतं. मग शिकवलेल्या हजारो फोटोंच्या आधारे जखमेची कड आखतं आणि आतला किती भाग लाल, किती पिवळा, किती काळा ते मोजतं. लाल म्हणजे नवं मांस, पिवळा म्हणजे मेलेल्या पेशींचा थर, ज्याला आम्ही स्लफ म्हणतो, आणि काळं म्हणजे पूर्ण मेलेलं. आम्ही मोजपट्टी लावून लांबी गुणिले रुंदी करायचो. ४ सेंटिमीटर लांब, ३ रुंद जखम वहीत १२ चौरस सेंटिमीटर म्हणून पडायची. जखमा काही चौकोनी नसतात. तीच जखम लंबगोल असेल तर खरं क्षेत्रफळ ९.४ च्या आसपास येतं. शिवाय आज एका सिस्टरने मोजलं, उद्या दुसरीने, की आकडा बदलायचा. हे काम यंत्र माझ्यापेक्षा चांगलं करतं आणि मला त्याचा आनंद आहे.

पण तुझ्याच ॲपने मोजलेले आकडे घे आणि माझ्याबरोबर हिशेब कर. ४ आठवड्यांपूर्वी ३.१, आज २.७. फरक ०.४. म्हणजे जखम सुमारे १३ टक्के कमी झाली. मधुमेही पायाच्या जखमेसाठी जगभर एक ठोकताळा वापरतात. नीट उपचार चालू असताना ४ आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं तरी व्हायला हवं. तसं झालं नाही तर ती १२ आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी, आणि उपचार पुन्हा तपासायची वेळ आली असं समजतात. बाबांची जखम आज १.५५ च्या आसपास असायला हवी होती. म्हणजे ॲपने माप बरोबर घेतलं असं धरलं तरी त्या मापाचा अर्थ ‘जखम अडली आहे’ असा होतो आणि खाली खूण हिरवी येते. आकडा कालच्यापेक्षा किंचित लहान दिसला की त्याने ‘सुधारणा’ म्हटलं. दादाला हा हिशेब पाठव. तो आकड्यांचं ऐकणारा आहे, त्याला पटेल.

आणि हे फक्त वरच्या तोंडाचं माप. तोंड मिटत आलं आणि आत पोकळी राहिली तर फोटोत जखम लहान होत जाते आणि आत पू साठत जातो. फोटोला खोली कळत नाही. तळपाय, टाच, बोटांची बेचकी हे सगळे भाग वळलेले. तिथे सपाट फोटोत बाजूचा भाग आकसतो आणि माप कमी भरतं. आईची हळद तर वेगळाच घोटाळा करते. पिवळा रंग दिसला की सॉफ्टवेअर त्याला स्लफ समजू शकतं. तू जुने फोटो चाळून बघ, एखाद्या दिवशी पिवळा भाग अचानक वाढलेला दिसला तर आदल्या रात्री हळद लावली होती का ते आईला विचार. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोचंही तेच, स्टिकर नसेल तर जास्तच.

आपल्या कातडीचा रंग हाही लहान मुद्दा नाही. संसर्ग झाला की जखमेभोवती लाली येते, हे पुस्तकातलं वर्णन गोऱ्या कातडीवरचं. उन्हात राबलेल्या आपल्या माणसाच्या पायावर ती लाली जांभळट किंवा नुसती गडद दिसते, कधी अजिबात दिसत नाही. म्हणून अनुभवी सिस्टर तिथे हाताची पालथी बाजू लावून बघते, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो का. कातडीचे रोग ओळखणारी एआय प्रणाली सावळ्या-काळ्या कातडीवर जास्त चुकते हे संशोधनात दिसलेलं आहे, कारण तिला शिकवलेले बहुतेक फोटो गोऱ्या माणसांचे. दादा म्हणतो तशा हजारो जखमा तिने पाहिल्याही असतील. त्यांत सत्तरीतल्या शेतकऱ्याचा पाय किती वेळा होता, हे त्याला विचार.

संसर्ग ठरवायला डॉक्टर काय बघतात ते सांगते. सूज किंवा घट्टपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेलेली लाली, दुखणं, गरम लागणं, पू येणं. यांतल्या २ गोष्टी असल्या तरी संसर्ग धरतात. दुखणं बाबांच्या बाबतीत बाद, कारण नसाच बधिर. गरमपणा फोटोत येत नाही. ओली पट्टी तू फोटोच्या आधीच काढून टाकतेस, म्हणजे ती ॲपला कधी दिसलीच नाही. वास त्याला येत नाही, तुला आला. आई रोज त्याच खोलीत असते, तिच्या नाकाला सवय झाली असेल. तू तुझ्या नाकावर विश्वास ठेव. एवढं सगळं वगळून ‘संसर्गाची लक्षणे नाहीत’ असं लिहून येणं मला काळजीचं वाटतं. ‘फोटोत दिसली नाहीत’ एवढंच त्याने लिहायला हवं होतं.

बांबोळीला पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे बोटं ठेवून नाडी बघतील, कारण रक्तच पोचत नसेल तर कुठल्याही मलमाने जखम भरत नाही. गरज पडली तर दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब घेऊन तुलना करतील. नायलॉनच्या जाडसर तंतूने तळव्याला स्पर्श करून बाबांना विचारतील, कळतंय का. सळईने खोली बघतील, हाडाची शंका आली तर एक्स-रे काढतील. वरचं मेलेलं मांस आणि कडेचा घट्टा कापून जखम साफ करतील. त्यानंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसेल, रक्तही येईल. त्याला घाबरू नका. आणि त्या दिवशी ॲपचं माप वाढलेलं दिसलं की दादाचा फोन येईल, त्यालाही आधीच सांगून ठेव.

आजपासून घरी काय करायचं ते आता. पेरॉक्साइडची बाटली बंद. त्याचा फेस बघून आईला जंतू मरताहेत असं वाटतं, पण रोज ओतलं तर नवं येणारं मांसही त्याने भाजतं. औषधाच्या दुकानात नॉर्मल सलाईनची बाटली मिळते, त्याने धुवा. वर स्वच्छ गॉज. हळद नको, कसली पूड नको. गरम पाण्यात पाय शेकायला ठेवू नका. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि नुसत्या शेकण्याने तळवा पोळून आलेली माणसं मी पाहिली आहेत. कपाटात कोणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या असतील तर त्या देऊ नका. ॲप किंवा चॅटबॉट औषधाचं नाव सुचवू लागलं तरी देऊ नका. मार्च २०२० मध्ये आलेल्या भारताच्या टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार, याबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. एआयने डॉक्टरला मदत करायची, रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही.

आणि कुळागर बंद. मला ठाऊक आहे, सुपारीचे दिवस तोंडावर आलेत आणि हे सांगणं सोपं आहे, घरात अमलात आणणं कठीण. पण या जखमेचं खरं औषध तेच आहे, त्या जागेवर वजन न पडणं. डॉक्टर खास प्लास्टर देतील किंवा मऊ एमसीआर रबराची चप्पल सांगतील. तोवर न्हाणीघरापर्यंत काठी घेऊन टाचेवर भार देत चालायचं, बाकी बसून राहायचं. शेजारच्या कोणाला तरी महिनाभर कुळागर बघायला सांगा. गावात माणसं नाही म्हणत नाहीत.

बाबा ताटावरून का उठतात ते तू लिहिलं नाहीस, पण मला ते ऐकू येतं. गावातला कोणीतरी बांबोळीला गेला आणि पाय कापून आला, हेच ना? प्रत्येक वाड्यावर असा एक माणूस असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यांत जास्त. तेव्हा असे पाय आपल्याकडे खूप असणार, आणि कापलेले पायही. मी त्या माणसांच्या पट्ट्या सोडल्या आहेत. पाय गेले त्यांतले बहुतेक काळं पडल्यावर, ताप चढल्यावर, सुजून चप्पल शिरेना झाल्यावर आले होते. मी सांगितलेला होडीवाला पायाची २ बोटं गमावून स्वतःच्या पायांनी घरी गेला. आणखी महिनाभर थांबला असता तर काय झालं असतं हे सर्जननी त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं. बाबांना त्या कापून आलेल्या माणसाच्या घरी विचारायला सांग, तो किती दिवस घरी बसून मग गेला.

ॲप फोनमधून काढून टाकू नकोस. डॉक्टरांनी एकदा हात लावून पाहिलं, उपचार ठरला, की त्याचा खरा उपयोग सुरू होतो. वाळपईहून बांबोळीला दर आठवड्याला २ बस बदलून नेणं बाबांनाही नको आणि पायालाही. डॉक्टरांना विचार, मधल्या आठवड्यात फोटो आणि माप आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना दाखवले तर चालेल का. सरकारची ई-संजीवनी ही मोफत टेलिमेडिसिन सेवाही आहे. फोटो काढताना जखम धुऊन झालेली असावी, खिडकीजवळचा सकाळचा उजेड, स्टिकर किंवा मोजपट्टी जखमेच्या पातळीवर, फोन जखमेच्या अगदी समोर. दुसरा फोटो घोट्यापर्यंतच्या पूर्ण पायाचा, तिसरा डाव्या पायाचा. आणि एक साधी वही कर. तारीख, माप, साखर, पट्टी किती ओली, वास आहे की नाही, पाय गरम आहे की नाही. शेवटची ३ कलमं ॲप लिहू शकत नाही, ती तू लिहायची. हिरवी खूण वहीत उतरवू नकोस.

जाता जाता त्या ॲपच्या सेटिंगमध्ये बघ की फोटो कुठे जातात, बाबांचं नाव त्यांना जोडलेलं आहे का. नाव काढून टाक. आणि रोगनिदान करणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं. तुझ्या ॲपच्या माहितीत परवान्याचा काही उल्लेख आहे का तेही शोध. अशा कित्येक ॲपमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा वैद्यकीय सल्ला नाही. दादाला ती ओळ वाचायला दे.

दादावर मात्र रागावू नकोस. समुद्रापलीकडे बसलेल्या मुलाला बापाचा पाय हातात घेता येत नाही, म्हणून रोज येणारा आकडा त्याला धीर देतो. त्याला काम दे. आज रात्री त्यालाच बाबांना फोन करायला सांग. ‘ॲपच म्हणतंय बांबोळीला जा,’ असं खोटं सांगायला लावू नकोस. ‘मी चुकलो, जखम निम्मी व्हायला हवी होती, झाली नाही,’ एवढं त्याने बापाला सांगितलं तर बाबा ऐकतील असं मला वाटतं. परदेशातल्या मुलाचा शब्द आपल्याकडे सिस्टरच्या शब्दापेक्षा जड असतो.

आज रात्रीच ताप आला, थंडी वाजली, पाय भराभर सुजला, एखादं बोट काळं-निळं पडलं किंवा साखर कारण नसताना चढली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

नाहीतर सकाळी निघा. बसने नको, ओळखीच्या कोणाची गाडी बघ, बाबांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवा. बरोबर सगळ्या औषधांच्या पट्ट्या घे, साखरेचे जुने रिपोर्ट, गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर ते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आईला विचारून ठेव. बाबा कुळागरात घालतात ती चप्पलही पिशवीत घाल, डॉक्टरांना दाखव. खिळा, काटा, तुटलेला पट्टा, जखमेचं कारण कित्येकदा तिथे सापडतं. आणि ४ आठवड्यांपूर्वीचा पहिला फोटो फोनमध्ये आधीच शोधून ठेव, ओपीडीच्या गर्दीत तो चटकन सापडत नाही.